सुरतेच्या डॉक्टरीणबाई रखमाबाई

सुरत हे नाव महाराष्ट्रातील शाळकरी मुलाच्या कानी प्रथम पडते ते इतिहासाच्या तासाला. इ. स. १६६४ च्या जानेवारीत छत्रपती शिवाजी महाराजांनी या शहरावर छापा घातला आणि १६७० मध्ये ते पुन्हा येथे आले, एवढे प्रत्येकाला तोंडपाठ असते. आम्ही सुरतेत राहणारी मराठी माणसे. सुटीत गावी गेलो म्हणजे नातलगांची मुले हटकून तोच विषय काढतात, आणि येथली गुजराती शेजारपाजारची मुले त्याच प्रसंगावरून आमची थट्टाही करतात. त्या पहिल्या छाप्यानंतर २३१ वर्षांनी मुंबईहून आणखी एक मराठी व्यक्ती सुरतेस आली. तिने येथून काही नेले नाही. वीस वर्षांहून अधिक काळ ती येथे राहिली आणि येथल्या बायकांची बाळंतपणे केली. तिची हकीकत मात्र आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

ही हकीकत या अंकासाठी लिहावी असे आमच्या मनात आले, त्याला एक कारण घडले. आमच्या शाळेतील काही मुली बारावीनंतर परिचारिकेचे शिक्षण घेण्यास जातात. त्यांपैकी एक, अभ्यासात चांगली, स्वभावाने धीट, तीन आठवड्यांतच आम्हांला भेटायला आली ती रडतच. पुन्हा तेथे पाऊल टाकायचे नाही, असे ती म्हणत होती. रात्रपाळीत एक रुग्ण तिच्या डोळ्यांदेखत दगावला होता. तेव्हा अमुक ट्रे आण असे तिला फर्मावण्यात आले. तो कोठे असतो हे मात्र कोणी सांगितले नाही, आणि उशीर झाला म्हणून सर्वांसमोर बोलणी बसली. आम्ही तिची समजूत घातली, पण आमच्या समजुतीने ती परत गेली असे आम्हांला वाटत नाही. पुढे ती टिकली ती दुसऱ्याच कारणाने. त्याच वॉर्डातील एका वयस्क सिस्टरने तिला आपल्या पाळीत मागून घेतले, कुशीवर वळता न येणाऱ्या माणसाची चादर कशी बदलावी हे हाताला धरून दाखवले आणि पहाटे आपल्या डब्यातला चहा अर्धा तिला दिला. हे ऐकताना आम्हांला रखमाबाईंची आठवण झाली. त्यांच्याविषयी लिहिणारे बहुधा त्यांच्या एकाकी धैर्याचे वर्णन करतात, आणि ते धैर्य होतेच. पण त्यांच्या आरंभीच्या वर्षांत त्यांना कोणाचा हात मिळाला, ही गोष्ट त्या वर्णनात थोडी मागे पडते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग, आईचे जयंतीबाई. मुलगी जेमतेम अडीच वर्षांची असताना वडील वारले, आणि आई वयाच्या सतराव्या वर्षी विधवा झाली. त्यांची ज्ञाती सुतारांची. तीत विधवेच्या पुनर्विवाहास मज्जाव नव्हता. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी लग्न केले. हे गृहस्थ मोठे विलक्षण होते. ते सरकारी डॉक्टर तर होतेच, शिवाय ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत, आणि १८८३ मध्ये मुंबईत जी नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तिच्या आठ संस्थापकांपैकी जे दोन भारतीय होते त्यांत हे एक. सावत्र बाप म्हटला की आपल्याकडे कथाकादंबऱ्यांत दुष्टच असायचा. येथे तसे नव्हते. औषधे, झाडेपाने आणि पुस्तके यांचा ज्या घरात वावर, त्या घरात ही मुलगी वाढली. मिशनच्या ग्रंथालयातून आणलेली पुस्तके ती घरी बसून वाची. प्रार्थना समाजाच्या आणि पुढे आर्य महिला समाजाच्या सभांना आईबरोबर जाई.

तरीही तिचे लग्न अकराव्या वर्षी झालेच. डॉ. सखाराम अर्जुनांसारखा सुधारक मनुष्यही तेथे रूढीपुढे वाकला. आम्हांला या गोष्टीचे दरवेळी नव्याने वाईट वाटते. नवरा दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा होता. त्याने सासऱ्याच्या घरी राहून शिकावे, माणसात यावे, असे ठरले होते. ते त्याला मानवले नाही. तो मामाच्या घरी राहू लागला, शिक्षण सुटले, प्रकृती आणि वळण दोन्ही बिघडली. रखमाबाई माहेरीच राहिल्या आणि वाचीत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजीने नोटीस पाठवून बायकोवर हक्क सांगितला, आणि तिने नकार दिल्यावर दावा लावला.

या खटल्याची हकीकत मोठी आहे. तिच्यावर ग्रंथ झाले आहेत, आम्ही ती चार ओळींत सांगतो. न्यायमूर्ती पिन्ही यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अजाण वयात लग्न झालेल्या स्त्रीला मोठेपणी तिच्या इच्छेविरुद्ध नवऱ्याच्या घरी धाडणे त्यांना रानटीपणाचे वाटले. वरच्या न्यायासनाने १८८६ मध्ये तो निकाल फिरवून खटला परत पाठवला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की बाईंनी नवऱ्याकडे नांदायला जावे, नाहीतर सहा महिन्यांचा तुरुंगवास पत्करावा. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी तुरुंग पत्करतो असे सांगितले. शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली, आणि दोन हजार रुपये घेऊन दादाजीने आपला हक्क सोडला.

या चार ओळींत न मावणाऱ्या दोन गोष्टी मात्र सांगितल्याच पाहिजेत. पहिली अशी, की डॉ. सखाराम अर्जुन एप्रिल १८८५ मध्ये, म्हणजे खटला ऐन रंगात येण्यापूर्वीच, वारले. घरातला जाणता आधार गेला. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीच्या नावाने बालविवाहाविरुद्ध पत्रे छापून आली. ती रखमाबाईंनीच लिहिली होती हे लोकांना मागाहून कळले. दुसरी गोष्ट अशी, की लोकमान्य टिळकांनी या वादात रखमाबाईंच्या विरुद्ध बाजू घेतली. आमच्या धर्मशास्त्रात सरकारने हात घालू नये आणि इंग्रजी शिक्षणाने मुली बिघडतात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. लोकमान्यांविषयी आमच्या मनात जो आदर आहे तो आहेच. पण चरित्र लिहिताना ही गोष्ट गाळून पुढे जाणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही.

याच सुमारास महाराष्ट्रात दुसरी एक घटना घडली. डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १८८६ मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन परत आल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक ठरली होती. त्या कामावर रुजू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा क्षयाने अंत झाला. वय अवघे एकवीस. फॅरनसाहेबांचा निकाल त्यानंतर सहाव्या दिवशी लागला. एका आठवड्यात मराठी स्त्रियांची पहिली डॉक्टर गेली, आणि जी पुढे डॉक्टर व्हायची होती तिच्यापुढे तुरुंगाचे दार उघडले गेले.

आता ज्या बाईंनी रखमाबाईंचा हात धरला त्यांच्याकडे वळू. त्यांचे नाव डॉ. एडिथ पीची. १८६९ मध्ये एडिंबरो विद्यापीठात वैद्यक शिकण्यासाठी ज्या मूठभर इंग्रज मुलींनी प्रवेश मिळवला, आणि ज्यांना पुढे एडिंबरोच्या सातजणी म्हणू लागले, त्यांपैकी त्या एक. रसायनशास्त्राच्या परीक्षेत पीचीबाईंना शिष्यवृत्ती मिळावी एवढे गुण पडले. पण बाईला बक्षीस दिले तर मुले चिडतील या भयाने प्राध्यापकमहाशयांनी ती त्यांच्या खालच्या विद्यार्थ्यांना देऊन टाकली. १८ नोव्हेंबर १८७० रोजी या मुली शरीररचनेच्या परीक्षेस निघाल्या, तेव्हा दारात दंगेखोर विद्यार्थ्यांचा जमाव उभा होता. त्यांच्या अंगावर चिखल फेकण्यात आला, फाटक तोंडावर लावून घेण्यात आले. कशाबशा त्या आत जाऊन बसल्या, तर कोणी एक मेंढी परीक्षेच्या दालनात ढकलली. शिक्षक शांत होते. तिला बसू द्या, तिला धाडणाऱ्यांपेक्षा तिला अक्कल जास्त आहे, अशा अर्थाचे ते काही बोलले आणि परीक्षा पुढे चालली. ती संपल्यावर मागच्या दाराने निघून जावे असे मुलींना सुचवण्यात आले. त्यांनी नकार दिला. तेव्हा त्यांच्याच वर्गातील काही मुले, त्यांत आयर्लंडची बरीच होती, त्यांच्या दोहों बाजूंनी चालू लागली आणि त्यांना घरापर्यंत पोचवून आली.

ही आयरिश मुले पुढे कोण झाली, कोठे गेली, याची इतिहासाला पर्वा नाही. आम्हांला मात्र त्यांचे मोठे कौतुक वाटते. त्यांनी कायदा बदलला नाही, विद्यापीठाचा नियम बदलला नाही. एडिंबरोने त्या मुलींना अखेरपर्यंत पदवी दिली नाही. त्यांनी एवढेच केले, की त्या संध्याकाळी सहाध्यायी मुलींना रस्त्यातून एकटे जाऊ दिले नाही.

पीचीबाईंनी पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे पदवी घेतली, डब्लिनचा परवाना मिळवला, लीड्स शहरात काही वर्षे व्यवसाय केला आणि डिसेंबर १८८३ मध्ये त्या मुंबईस आल्या. जॉर्ज किट्रेज नावाचे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी भारतीय स्त्रियांसाठी बाईडॉक्टर आणण्याची खटपट केली होती, आणि पेस्तनजी होर्मसजी कामा यांनी त्यासाठी रुग्णालय बांधण्यास मोठी देणगी दिली होती. स्त्रियांचे हे रुग्णालय स्त्रीडॉक्टरांच्याच हाती राहावे अशी व्यवस्था होती. इमारत पुरी होईपर्यंत दवाखान्यात काम चाले; १८८६ मध्ये कामा रुग्णालय उघडले. पीचीबाई हिंदुस्थानी बोलायला शिकल्या. पुरुष डॉक्टरांइतकेच वेतन व मान स्त्रियांनाही मिळावा असा त्यांचा आग्रह असे. आणि रुग्णालय नीट चालवायचे तर शिकलेल्या परिचारिका पाहिजेत हे ओळखून त्यांनी परिचारिकांना शिक्षण देण्याची सोय तेथे सुरू केली.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व आज चटकन ध्यानात येणार नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली ती १८६० मध्ये. आपल्याकडे तेव्हा परक्या माणसाचे मलमूत्र काढणारी बाई म्हणजे हलक्या कामाची मोलकरीण, अशी समजूत होती. बाळंतिणीचा तर विटाळच मानीत. चांगल्या घरच्या मुलीने हे काम करायचे म्हणजे सोयरीक मोडण्याची तयारी ठेवायची. अशा मुलीला वॉर्डात पहिल्या दिवशी कोणी आपले म्हणणारे भेटले नाही, तर दुसऱ्या दिवशी ती येणार कशाला?

खटल्याच्या दिवसांत पीचीबाई रखमाबाईंच्या पाठीशी उघडपणे उभ्या राहिल्या. मुंबईत रखमाबाईंच्या बाजूने समिती स्थापन झाली, बेहरामजी मलबारी यांनी लेखणी चालवली, इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी पाचशे रुपये पाठवले. पण खटला संपल्यावर या मुलीने करायचे काय, हा प्रश्न पीचीबाईंनी मनावर घेतला. सहानुभूती दाखवणारे पुष्कळ होते. वर्तमानपत्रांतून नाव गाजलेली बाई, ना सासरची ना धड माहेरची, हिने पुढे कसे जगावे याचा विचार करणारे थोडे. तू डॉक्टर हो, असे त्यांनी सुचवले, इंग्लंडला जाण्यासाठी उत्तेजन दिले आणि पैशाची व्यवस्था करण्यास हातभार लावला.

१८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला निघाल्या. तेथे पार्लमेंटचे सभासद वॉल्टर मॅक्लॅरन आणि त्यांच्या पत्नी ईव्हा यांनी त्यांची पाठराखण केली. लंडनचे स्त्रियांचे वैद्यक विद्यालय सोफिया जेक्स-ब्लेक यांनी १८७४ मध्ये स्थापले होते. या जेक्स-ब्लेक म्हणजे एडिंबरोच्या त्याच सातजणींच्या पुढारी. ज्या मुलींवर चिखल उडाला होता त्यांनीच काढलेल्या शाळेत, त्यांच्यातल्याच एकीने धाडलेली ही विद्यार्थिनी जाऊन बसली. रॉयल फ्री रुग्णालयाचे वॉर्ड या विद्यालयाच्या मुलींना १८७७ पासून खुले झाले होते. रुग्णाच्या उशाशी उभे राहून शिकण्याचे शिक्षण रखमाबाईंना तेथे मिळाले. परीक्षा देण्यासाठी मात्र स्कॉटलंडला जावे लागे, कारण तेथल्या वैद्यक मंडळांनी १८८६ पासून स्त्रियांना परवाने देण्यास आरंभ केला होता. १८९४ मध्ये रखमाबाईंनी तो परवाना मिळवला. म्हणजे हे शिक्षण पाच वर्षांचे झाले. परका देश, कडाक्याची थंडी, शाळेत फारशी न गेलेली मुलगी. त्यांचा पहिला हिवाळा कसा गेला असेल याची आम्ही केवळ कल्पनाच करू शकतो.

त्या परतल्या तेव्हा पीचीबाई कामा रुग्णालयाच्या प्रमुखपदी राहिल्या नव्हत्या. मधुमेहाने त्यांची प्रकृती खालावली होती. १८८९ मध्ये त्यांनी हर्बर्ट फिप्सन यांच्याशी लग्न केले होते. हे फिप्सन त्याच नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस, जिच्या स्थापनेत डॉ. सखाराम अर्जुन होते. मुंबईचे जग तेव्हा लहान होते. रखमाबाईंनी कामा रुग्णालयात थोडा काळ काम केले, आणि १८९५ मध्ये स्त्रियांच्या रुग्णालयाच्या प्रमुख म्हणून त्या सुरतेस आल्या.

आता आपल्या गावाकडे येऊ. ती सुरत आजच्या सुरतेसारखी नव्हती. १८३७ मध्ये आगीने आणि पुराने या शहराचे कंबरडे मोडले होते. व्यापार मुंबईला गेला होता. वस्ती लाख-सव्वा लाख. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत आज जी मराठी वस्ती दिसते तिचा तेव्हा मागमूस नव्हता. तापीकाठची जुनी पोळे, लाकडी माड्यांची घरे, जरीकाम आणि रेशमाचे माग. गुजरातीत बाळंतपणाला सुवावड म्हणतात. ती घरातल्या अंधाऱ्या, बंद खोलीत, दाईच्या हाताने व्हायची. दाईजवळ अनुभव असे, पण हात धुण्याचे शास्त्र नव्हते. नाळ कापायला हाताशी येईल ते हत्यार, बांधायला हाताशी येईल तो दोरा. बाळ आठव्या दिवशी धनुर्वाताने ताठले, बाळंतीण तापाने फणफणली, तर तो दैवाचा किंवा दृष्टीचा भाग. इंग्लंडात लिस्टर यांनी जंतुनाशक औषधे वापरून जखमा पिकू न देण्याची रीत १८६७ मध्येच प्रसिद्ध केली होती, आणि रखमाबाई ती शिकून आल्या होत्या. पण शिकून आलेल्या डॉक्टरकडे बायका येतील तेव्हा ना! इस्पितळात जातो तो मरायला जातो अशी लोकांची पक्की समजूत. पुरुष डॉक्टरपुढे जायचे नाही ही एक अडचण बाईडॉक्टरमुळे सुटली, पण ही बाई कोण? नवऱ्याला कोर्टात नकार देणारी, समुद्र ओलांडून आलेली.

येथे एक फरक ध्यानात घ्यावा. लंडनमध्ये चुकले तर सांगायला वरिष्ठ होत्या, मुंबईत अडले तर विचारायला पीचीबाई होत्या. सुरतेत रखमाबाईच वरिष्ठ. रात्री दोन वाजता अडलेल्या बाळंतिणीजवळ उभे राहून निर्णय घ्यायचा तो त्यांनी एकटीने. त्यांचे वय तीस.

त्या काळची एक गोष्ट सांगतात. रुग्णालय रिकामे, खाटा रिकाम्या. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी, कोणाच्या सांगण्यात मेंढी, रुग्णालयात आणवली. तिचे दिवस भरले होते. तिची सुटका तेथेच करण्यात आली. पिल्लू सुखरूप, आई सुखरूप. येथे आणलेला जीव मरतोच असे नाही, हे आसपासच्या बायकांना डोळ्यांनी दिसले, आणि हळूहळू त्या येऊ लागल्या. गोष्ट वाचली की आम्हांला एडिंबरोची ती मेंढी आठवते. तेथे मुक्या जनावराला आत ढकलले होते बायकांना बाहेर घालवण्यासाठी. येथे ते आत आणले बायकांनी आत यावे म्हणून. रखमाबाईंनी पीचीबाईंकडून तो जुना किस्सा ऐकला असेल काय, हा विचार आमच्या मनात अनेकदा येऊन जातो.

शेळीचे बाळंतपण एकट्याने होईल. पण रुग्णालय एकट्याने चालत नाही. पाणी उकळणारी, कापडे कार्बोलिकमध्ये बुडवून वाळवणारी, रात्रभर बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून रक्तस्राव वाढतो की काय हे पाहणारी माणसे लागतात. डॉक्टर येऊन तपासून जातात, पण ताप चढला की उतरला हे आधी कळते ते पायथ्याशी बसलेल्या बाईला. अशा कामावर ज्या बायका तेव्हा राहिल्या त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्या ज्या घरांतून आल्या तेथे परतताना अंगणातच अंघोळ करावी लागत असेल. मुख्य डॉक्टरीणबाई स्वतः लोकापवाद पचवून उभी आहे, हे त्यांना रोज दिसत होते. वरिष्ठाने काय बोलावे यापेक्षा त्याने काय सोसले आहे हे हाताखालच्या माणसाला लवकर कळते, असा आमचा शाळेतला अनुभव आहे.

त्या रुजू होऊन दोन वर्षेही झाली नव्हती तोच १८९७ मध्ये मुंबईची प्लेगची साथ सुरतेत येऊन पोचली. लोक घरे टाकून पळू लागले, सरकारी माणसे घरे तपासू लागली, आणि इस्पितळाविषयीची जुनी भीती पुन्हा उसळली. पुण्यास याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी एका आजारी मुलाला दवाखान्यात पोचवले आणि स्वतः संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. मुंबईस हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून जानेवारीत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. ते काम ग्रँट मेडिकल कॉलेजात झाले, जेथे डॉ. सखाराम अर्जुनांनी पूर्वी विद्यार्थ्यांना वनस्पती ओळखायला शिकवले होते. शुश्रूषेचे काम करणाऱ्यांना त्या दिवसांत मरणाची भीती दुहेरी असे. रुग्णाला शिवण्याची एक आणि घरी जाऊन मुलाबाळांना शिवण्याची दुसरी. रखमाबाईंनी सुरत सोडली नाही.

१९०४ मध्ये दादाजी भिकाजी मरण पावला. त्याच्याशी एक दिवसही संसार न केलेल्या रखमाबाई त्यानंतर विधवेच्या रीतीप्रमाणे पांढरे पातळ नेसू लागल्या. या गोष्टीचे अनेकांनी अनेक अर्थ लावले आहेत. कोणाला त्यात शरणागती दिसते, कोणाला समाजाशी केलेला समेट. आमचे मत विचाराल तर आम्ही एवढेच म्हणू, की ज्या बाईने कोर्टात स्वतःच्या मनाचे ऐकले तिने येथेही स्वतःच्याच मनाचे ऐकले असणार, आणि ते मन काय म्हणाले हे तिने कोणाला सांगितले पाहिजे असे नाही.

१९०७ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन सुरतेत तापीच्या काठी भरले. जहाल आणि मवाळ यांची फाटाफूट झाली, जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या, हे इतिहासात प्रसिद्धच आहे. लोकमान्य टिळक तेव्हा या शहरात होते, आणि रखमाबाईही याच शहरात नोकरीवर होत्या. वीस वर्षांपूर्वी एकाच वादाच्या दोन टोकांना असलेली ही दोन माणसे. मंडपात खुर्च्या उडत असताना स्त्रियांच्या रुग्णालयात पाळी नेहमीप्रमाणे बदलली असेल आणि कोणाचे तरी मूल जन्मले असेल.

सुमारे १९१८ मध्ये सरकारी स्त्रीवैद्यक सेवेत मोठी जागा देऊ केली असता त्यांनी ती नाकारली आणि राजकोट येथील स्त्रियांचे रुग्णालय पत्करले. तेथे त्यांनी आणखी दहा-बारा वर्षे काम केले, रेड क्रॉसची शाखा स्थापन केली. एकूण पस्तीस वर्षे गुजरात-काठियावाडात घालवून १९३० च्या सुमारास त्या निवृत्त झाल्या आणि मुंबईस परतल्या. निवृत्त झाल्या त्याच सुमारास पडद्याची चाल मोडावी म्हणून त्यांनी एक पुस्तिका लिहिली. लेखणी उचलण्याची सवय एकोणिसाव्या शतकातली होती, ती सुटली नव्हती. डॉ. एडिथ पीची १९०५ मध्येच इंग्लंडला परत गेल्या होत्या आणि १९०८ मध्ये वारल्या होत्या. कामा रुग्णालय अजून मुंबईत उभे आहे, आणि परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुली अजूनही तेथे शिकतात.

रखमाबाईंना दीर्घायुष्य लाभले. त्या नव्वद वर्षांच्या होत्या तेव्हा, १८ मे १९५५ रोजी, हिंदू विवाह कायदा अमलात आला आणि न जुळणारे लग्न कायद्याने मोडण्याचा हक्क हिंदू स्त्रीला मिळाला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला मुंबईत त्यांचे निधन झाले.